एकूण हप्ता कायम ठेवा : पगारदार कुटुंबासाठी कर्जमुक्तीची एक पद्धत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कामगार पतपेढीच्या कर्ज समितीवर मी बरीच वर्षे काम केले. दर महिन्याच्या बैठकीत येणाऱ्या अर्जांपैकी निम्म्याहून अधिक अर्जांवर ‘घरदुरुस्ती’ असे कारण लिहिलेले असे, आणि अर्जदाराशी पाच मिनिटे मोकळेपणाने बोलले की दुरुस्ती घराची नसून जुन्या कर्जाची आहे हे उघड होई. या लोकांपैकी जे पुढे खरोखर कर्जातून बाहेर पडले त्यांचे पगार इतरांपेक्षा मोठे नव्हते आणि त्यांनी पोटाला चिमटाही फारसा काढला नव्हता. त्यांची एक सवय मात्र सारखी होती: एक कर्ज संपले म्हणून त्यांचा महिन्याचा एकूण हप्ता कधी कमी झाला नाही.

पद्धत इतकीच आहे. सर्व देण्यांसाठी महिन्याला मिळून किती रक्कम जाईल ते एकदा ठरवावे, पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती वेगळी काढावी आणि शेवटचे देणे फिटेपर्यंत तीत एक रुपयाचीही घट होऊ देऊ नये. फ्रिजचा हप्ता संपला तर ते पैसे पुढच्या कर्जाकडे वळवावेत. ते घरखर्चात मिसळू देऊ नयेत. गृहकर्ज मी या हिशेबात धरत नाही, कारण त्याची मुदत, व्याज आणि तारण यांचे गणित वेगळे असते. येथे विचार आहे तो क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, पतपेढी, वस्तूंचे हप्ते आणि हातउसने यांचा.

सगळी देणी एका कागदावर

पहिले काम म्हणजे यादी करणे, आणि ती घरातील दोघांनी मिळून करणे. नवऱ्याने बायकोपासून किंवा बायकोने नवऱ्यापासून लपवलेले एखादे देणे बहुतेक घरांत असते, आणि ते यादीत आले नाही तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो. प्रत्येक देण्यापुढे आजची शिल्लक, व्याजाचा दर, महिन्याचा हप्ता आणि उरलेले हप्ते असे चार आकडे लिहावेत. शिल्लक अंदाजाने लिहू नये; बँकेकडून कर्ज खात्याचा उतारा मागवून घ्यावा.

काही देणी लोकांना देणी वाटतच नाहीत. सोसायटीच्या देखभाल खर्चाची थकबाकी हे असेच एक देणे असून त्यावर व्याजही चढत असते. भिशीचा डाव लागून रक्कम आधीच उचलली असेल, तर उरलेले हप्ते हे कर्जच आहे. डाव अजून लागायचा असेल तर ती बचत आहे आणि लागल्यावर ती कुठे जाणार हे आजच ठरवता येते. वाण्याची उधारी, मेहुण्याकडून घेतलेले पैसे, ‘आता घ्या, नंतर द्या’ प्रकारच्या अ‍ॅपवरील रक्कम हे सगळे यादीत यावे. आपण कोणाला जामीन राहिलो असू तर तेही कागदाच्या तळाशी लिहावे, कारण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते.

यादी पूर्ण झाली की ती पत अहवालाशी, म्हणजे आपल्या नावावरील कर्जे आणि कार्डे यांच्या नोंदीशी, ताडून पाहावी. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी दर वर्षी प्रत्येक व्यक्तीला एक संपूर्ण अहवाल मोफत द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बंद झाले असे आपण समजून चाललेले एखादे कार्ड तिथे वार्षिक शुल्काच्या थकबाकीसह चालू दिसते, आणि तसे ते अनेकदा दिसते.

व्याजाचा दर लिहिताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली बोलीभाषेमुळे होते. बँक ‘१५ टक्के’ म्हणते तेव्हा तो दर वर्षाचा असतो. पण ओळखीच्या माणसाकडून ‘तीन टक्क्यांनी’ पैसे घेतले असे आपण म्हणतो तेव्हा तो दर महिन्याचा, म्हणजे वर्षाला ३६ टक्के असतो. शब्द एकच असल्यामुळे महागडे कर्ज स्वस्त भासते. दुसरी फसगत सरसकट दराची, ज्याला बाजारात ‘फ्लॅट रेट’ म्हणतात. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी १० टक्के सरसकट दराने घेतले तर व्याज ३०,००० रुपये होऊन महिन्याचा हप्ता सुमारे ३,६११ रुपये येतो. हाच हप्ता घटत्या शिलकेच्या हिशेबाने पाहिला तर खरा दर जवळजवळ १८ टक्के निघतो, कारण मुद्दल फिटत गेले तरी व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण एक लाखावर लागत राहते. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना बँका व वित्त कंपन्यांनी मुख्य बाबींचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाचा दर छापलेला असतो. तुलना करायची ती त्या आकड्याशी.

एक हिशेब

ऐरोलीत राहणारे एक कुटुंब समजू. ते काल्पनिक आहे, आकडेमोड मात्र नेहमीच्या व्यवहारातली आहे. क्रेडिट कार्डावर ८४,००० रुपये आहेत आणि व्याज दरमहा ३.५ टक्के आहे. वैयक्तिक कर्ज ३ लाखांचे, १५ टक्के दराने ४ वर्षांसाठी घेतलेले. दोन वर्षे संपली असून सुमारे १,७२,००० रुपये शिल्लक आहेत आणि हप्ता ८,३५० रुपये आहे. पतपेढीचे १ लाख रुपये १२ टक्क्यांनी बाकी असून पगारातून ५,००० रुपये कापले जातात. फ्रिजचे २,४०० रुपयांचे पाच हप्ते उरले आहेत. मेहुण्याचे ४०,००० रुपये बिनव्याजी आहेत. एकूण देणे ४,०८,००० रुपये झाले.

आता कार्डाकडे नीट पाहू. ३.५ टक्के म्हणजे महिन्याला २,९४० रुपये व्याज, आणि त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की ३,४६९ रुपये होतात. बिलावर किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे ४,२०० रुपये छापलेली असते. कुटुंब ती निमूटपणे भरते आणि मुद्दल कमी होते ते फक्त ७३१ रुपयांनी. नवी खरेदी एक रुपयाचीही न करता केवळ किमान रक्कम भरत राहिले, तर पाच वर्षांत सुमारे १,९७,००० रुपये भरून झालेले असतात आणि तरीही कार्डावर ५०,००० रुपयांच्या आसपास शिल्लक राहते. हा हिशेब मी समितीच्या बैठकीत फळ्यावर मांडत असे, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी चुकीची बेरीज केल्याचा आरोप माझ्यावर करी.

या कुटुंबाची आजची महिन्याची एकूण भरणा रक्कम सुमारे १९,९५० रुपये आहे. ती त्यांनी २४,००० रुपये केली आणि कायम ठेवली असे धरू. पहिले पाच महिने वैयक्तिक कर्ज, पतपेढी आणि फ्रिज मिळून १५,७५० रुपये जातात आणि कार्डाला ८,२५० रुपये मिळतात. सहाव्या महिन्यापासून फ्रिजचे २,४०० रुपये मोकळे होऊन कार्डाला १०,६५० रुपये मिळू लागतात. बाराव्या महिन्यात कार्ड शून्यावर येते आणि त्या महिन्यात उरलेले सात हजार मेहुण्याला जातात. सोळाव्या महिन्यात मेहुण्याचे पैसे फिटतात. त्यानंतर पूर्ण २४,००० रुपये पतपेढी आणि वैयक्तिक कर्ज या दोघांवर पडू लागतात आणि मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आड आले नाही तर विसाव्या महिन्यात कागद कोरा होतो.

महिन्याला चार हजारांच्या आसपासची वाढ एवढाच या कुटुंबाचा जादा त्याग आहे. बाकीचे काम संपलेल्या हप्त्यांनी केले.

रक्कम ठरवताना वाईट महिना धरा

२४,००० हा आकडा कसा ठरवायचा, यावर मी इतर सर्व गोष्टींपेक्षा अधिक वेळ घालवायला सांगतो, कारण बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. दिवाळीच्या बोनसनंतर उत्साहात ३०,००० ठरवायचे, जानेवारी ते मे निभावून न्यायचे आणि जूनमध्ये मुलांची फी, वह्या-पुस्तके, गणवेश, पावसाळी चपला असे सगळे एकदम आले की कार्ड पुन्हा बाहेर काढायचे, हा क्रम मी इतक्या घरांत पाहिला आहे की त्याला मी अडचण म्हणत नाही, वेळापत्रक म्हणतो. जूननंतर गणपती येतात. कोकणात गाव असलेल्या माणसाचे गाडीभाडे, मूर्ती, पाच दिवसांचे पाहुणे, येताना घरच्यांसाठी काहीतरी असे सगळे मिळून एका महिन्याचा तोल जातो. मग दिवाळी, आणि वर्षअखेरीस विम्याचे हप्ते.

यातला एकही खर्च अचानक आलेला नसतो. गणपती कधी येणार हे कालनिर्णयावर छापलेले असते. म्हणून गेल्या बारा महिन्यांचे बँक पासबुक आणि यूपीआयचे व्यवहार पाहून वर्षातून एकदा किंवा दोनदा येणाऱ्या सर्व खर्चांची बेरीज करावी, तिला बाराने भागावे आणि येणारी रक्कम दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाकावी. ही बेरीज ६०,००० रुपये आली तर महिन्याला ५,००० रुपये आधी या खात्यात जातील, आणि त्यानंतर जे उरेल त्यातून कर्जाचा एकूण हप्ता ठरेल. आकडा लहान झाल्याचे वाईट वाटेल. परंतु जूनमध्ये न मोडणारे २२,००० हे जूनमध्ये मोडणाऱ्या ३०,००० पेक्षा लवकर कर्ज फेडतात.

याशिवाय एका महिन्याचा घरखर्च निघेल एवढी गंगाजळी, अगदीच नाही तर १५-२० हजार रुपये, कार्डावर जोर लावण्याआधी उभी करावी. कार्डावर ४२ टक्के व्याज चालू असताना बचत खात्यात पैसे ठेवणे गणिताने चुकीचे आहे हे मला ठाऊक आहे. तरीही मी हा सल्ला देतो, कारण रात्री मुलाला रुग्णालयात न्यावे लागले आणि हाताशी रोख नसली तर तेच कार्ड पुन्हा घासले जाते आणि त्याबरोबर घरातल्यांचा हुरूपही जातो. मात्र गंगाजळीपेक्षा जास्त मुदत ठेव असेल तर ती मोडून कार्डावर भरावी. सात टक्के मिळवण्यासाठी बेचाळीस टक्के देत बसण्यात शहाणपण नाही.

खर्च कुठून कमी करावा याची लांबलचक यादी मी देणार नाही, प्रत्येकाला आपल्या घराची गळती माहीत असते. एवढेच सुचवतो की रोज मोडणाऱ्या संकल्पांपेक्षा एकदा करून विसरता येणारी कपात टिकते. ठाणे-वाशी मार्गावर रोज ये-जा करणाऱ्याने मासिकाऐवजी त्रैमासिक पास काढला, न पाहिल्या जाणाऱ्या ओटीटीच्या वर्गण्या बंद केल्या, दोनपैकी एक दुचाकी विकली, तर त्यासाठी दररोज मनाशी झगडावे लागत नाही. घोडबंदर रोडवरच्या घरातून स्टेशनपर्यंत रोज एकट्याने रिक्षा करणाऱ्याने बसने जावे हे सांगणे सोपे आहे. पण जाणारा पावसात तासभर कोंडीत उभा असतो, तेव्हा तो निर्णय त्याचा त्याने घ्यावा.

कोणते कर्ज आधी

गणिताचे उत्तर सरळ आहे: सर्व कर्जांचे ठरलेले हप्ते भरून जी जादा रक्कम उरते, ती सर्वांत महाग कर्जावर टाकावी. आपल्याकडे ते बहुधा क्रेडिट कार्ड किंवा खासगी सावकार असतो. सर्वांत लहान कर्ज आधी संपवावे म्हणजे हुरूप येतो असेही सांगितले जाते. हुरूपाचे महत्त्व मी नाकारत नाही, पण दोन दरांत वीस-पंचवीस टक्क्यांचे अंतर असताना तो हुरूप फार महाग पडतो. दर जवळपास सारखे असतील तर मात्र लहान कर्ज खुशाल आधी मिटवावे.

कार्डाबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मागचे बिल पूर्ण भरले नाही, तर नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. म्हणून थकबाकी असलेल्या कार्डावर किराणा, पेट्रोल, मोबाइलचे रिचार्ज यांपैकी काहीही घेऊ नये आणि अ‍ॅपमध्ये साठवलेला त्याचा क्रमांकही काढून टाकावा. रोख किंवा बचत खात्यातून पैसे देणे काही महिने अडचणीचे वाटते, मग अंगवळणी पडते.

नातेवाइकांचे बिनव्याजी पैसे गणितात शेवटी येतात, आणि मेहुण्याने कधी शब्द काढला नाही म्हणून ते खरोखरच शेवटपर्यंत राहतात. माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांना पहिल्याच महिन्यात यादी दाखवावी, कोणत्या महिन्यापासून परतफेड सुरू होईल ते सांगावे आणि तोवर जमल्यास पाचशे-हजार रुपये पाठवत राहावे. वरच्या हिशेबात ते धरलेले नाहीत. ते घरखर्चातून काढावे लागतील. पण लग्नकार्यात तोंड चुकवावे लागणे हेही एक व्याजच आहे.

दिवाळीचा बोनस, थकीत महागाई भत्ता, लागलेली भिशी अशी एकरकमी रक्कम आली तर निम्मी कर्जावर आणि निम्मी वार्षिक खर्चाच्या खात्यात, अशी वाटणी आधीच ठरवून ठेवावी. सगळी रक्कम कर्जावर ओतणाऱ्यांचे मला कौतुक वाटते, पण भीतीही वाटते. आमच्या एका सभासदाने पत्नीचे दागिने विकून तीन कर्जे एका आठवड्यात फेडली आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा अर्ज घेऊन आला, कारण घराचा मासिक खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होता आणि त्याला हातच लावलेला नव्हता. दागिने मात्र परत आले नाहीत.

कर्ज बदलून घेण्याविषयी

महाग कर्ज फेडण्यासाठी स्वस्त कर्ज घेणे चुकीचे नाही. कार्डाचे ८४,००० रुपये पतपेढीच्या १२ टक्क्यांच्या कर्जाने मिटवले तर व्याज एका महिन्यात ३,४६९ वरून ८४० रुपयांवर येते. सोनेतारण कर्ज, विमा पॉलिसीवरील कर्ज, भविष्य निर्वाह निधीतून मिळणारी उचल हेही पर्याय आहेत. अट दोनच गोष्टींची आहे. मिटवलेले कार्ड त्याच आठवड्यात बंद करावे; कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि थकबाकी नसतानाही विलंब झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. दुसरे, नव्या कर्जाचा हप्ता लहान आला तरी एकूण हप्ता तोच राहिला पाहिजे. हप्ता घटला म्हणून जे पैसे ‘सुटले’ ते घरखर्चात गेले, तर कर्ज स्वस्त होऊनही लांबते.

याच कारणासाठी गृहकर्जावर जादा कर्ज घेऊन सगळी देणी मिटवण्याच्या सल्ल्याकडे मी साशंकतेने पाहतो. दर कमी असतो हे खरे, पण फ्रिजचे पैसे पंधरा वर्षे फेडावे लागतात आणि तारण म्हणून राहते घर लागते. घ्यायचेच असेल तर हप्ता बँकेने ठरवलेला भरून थांबू नये, उरलेली रक्कम दरमहा मुदतपूर्व भरावी. व्यक्तीने बिगर-व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर बँकांना मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही. स्थिर दराच्या वैयक्तिक कर्जावर ते बहुधा असते, त्यामुळे करारातील ते कलम आधी वाचावे आणि शुल्क उरलेल्या व्याजापेक्षा कमी आहे का ते पाहावे. अंशतः परतफेड करताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे लेखी द्यावे. काही ठिकाणी न सांगता मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला जातो.

हप्ता चुकणार हे दिसू लागल्यावर

नोकरी गेली किंवा आजारपण आले तर ठरवलेली रक्कम टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. अशा वेळी हप्ता चुकण्याआधी बँकेला पत्र द्यावे आणि मुदत वाढवून मिळेल का ते विचारावे. फोनवर मिळालेल्या आश्वासनाला किंमत नसते. ई-मेल किंवा पोचपावतीचे पत्र हवे. खात्यात पैसे नसताना स्वयंचलित हप्ता आला की आपली बँक आणि कर्ज देणारी कंपनी असे दोन्हीकडून शुल्क लागते. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर उशिराबद्दल दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडाचे शुल्क लावता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. उतारा आला की हे तपासावे.

वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास तसेच धमकावणे, अपमान करणे, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देणे यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. तसे झाले तर दिनांक आणि वेळ लिहून ठेवावी आणि आधी त्याच बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतपेढी मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे तर सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. तिथली तक्रार निबंधक कार्यालयात जाते.

या बाबतीत नवी मुंबईकरांचा नेहमी घोळ होतो. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, परंतु खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात आहे. पत्त्यात नवी मुंबई लिहिलेले असले तरी जिल्हा उपनिबंधकाचे कार्यालय त्याप्रमाणे वेगळे असते.

सावकाराकडून पैसे घेतले असतील तर तो परवानाधारक आहे का, हे याच कार्यालयात कळते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. बिगरशेती कर्जासाठी परवानाधारक सावकाराला तारण असल्यास वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के या मर्यादेत व्याज घ्यावे लागते. ‘महिना दहा टक्के’ म्हणणारा माणूस कोऱ्या धनादेशावर सही मागतो, तेव्हा तो कायद्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे हे यावरून समजावे. मोबाइलवरील अ‍ॅपबाबतही असेच आहे: नियमानुसार कर्ज थेट आपल्या बँक खात्यात आले पाहिजे आणि अ‍ॅपला फोनमधील संपर्क यादी वाचण्याचा अधिकार नाही. ते वाचून कोणी ओळखीच्यांना फोन करू लागले, छायाचित्रे बदलून पाठवू लागले, तर पैसे देऊन प्रकरण मिटत नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार करावी.

धनादेश न वटल्याची नोटीस आली तर ती घरात ठेवून देऊ नये, कारण परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिल्यास खटला उभा राहत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. लोकअदालतीत बँकेशी तडजोड होऊ शकते, परंतु तडजोडीत सूट घेतली की पत अहवालात ‘बंद’ ऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि पुढे गृहकर्ज मागताना ती आडवी येते. ज्याला पूर्ण रक्कम देणे शक्य आहे त्याने सवलतीच्या मोहात पडू नये. ज्याला शक्यच नाही त्याने ती नोंद स्वीकारून मोकळे व्हावे.

या काळात झोप उडणे, घरात अबोला, जीव नकोसा वाटणे हे घडते आणि त्याविषयी बोलायला लोक फार संकोचतात. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य आणि कोणत्याही वेळी बोलता येते. वरील हिशेब त्यानंतरही करता येतो.

फिटल्यानंतरची कागदपत्रे

शेवटचा हप्ता भरला की कर्ज संपले असे नाही. ना-देय दाखला घ्यावा, तारण म्हणून दिलेले धनादेश परत मागावेत आणि बँकेतील स्वयंचलित हप्त्याचा आदेश रद्द करावा. वाहनकर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र घेऊन नोंदणी पुस्तिकेवरील वित्तसंस्थेचे नाव उतरवावे लागते. त्यासाठी गाडीचा क्रमांक एमएच-०४ असेल तर ठाण्याचे, ४३ असेल तर वाशीचे आणि ४६ असेल तर पनवेलचे परिवहन कार्यालय. घराची मूळ कागदपत्रे गहाण असतील तर पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत ती परत मिळाली पाहिजेत, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

महिना-दीड महिन्याने पत अहवाल पुन्हा काढून प्रत्येक खाते ‘बंद’ दिसते का ते पाहावे. चूक असेल तर तक्रार नोंदवावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

पतपेढीचे कर्ज फिटले असेल तर ना-देय दाखल्याची एक प्रत दोन्ही जामीनदारांना नेऊन द्यावी. आपले कर्ज चालू असेपर्यंत त्यांची स्वतःची कर्जमर्यादा काही प्रमाणात अडकलेली असते. आमच्याकडे अर्ज करायला आलेल्या एका सभासदाला खिडकीवर कळले होते की ज्याला तो जामीन होता त्याचे कर्ज आठ महिन्यांपूर्वीच संपले आहे. कोणी त्याला सांगितलेच नव्हते, आणि दरम्यान मुलीच्या प्रवेशासाठी त्याने बाहेरून महाग पैसे उचलले होते.